पुरुषनच्या होडीतले कॉम्प्युटर

८ जानेवारी

आज पहिलीच्या वर्गात बदकं शिरली. एखाद-दुसरं नव्हे, अख्खा कळप! व्हरांड्यातला वर्ग, त्याला दार कुठलं? बेरीज राहिली बाजूला. पोरं बदकांमागे आणि मुख्याध्यापिका, म्हणजे मी, पोरांमागे, साडीच्या निऱ्या हातात धरून. बदकांचा राखणदार बांधावर उभा राहून हसतोय. "टीचर, माझी मला द्या, तुमची तुम्ही न्या!"

हसू मलाही आलं. पण संध्याकाळपासून डोकं तापलंय. पहिलीला हक्काची खोली आहे. हवेशीर, पाण्याकडे खिडक्या असलेली. आणि त्या खोलीला कुलूप घालून आम्ही काय सांभाळतोय? मेलेले कॉम्प्युटर! पाठीला कुबड असलेले जाडे मॉनिटर, पुरात भिजलेले डबे, दात पडलेले कीबोर्ड, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. माणसं जिवंत व्हरांड्यात आणि मढी खोलीत.

मे अखेर मी निवृत्त. त्याआधी ही खोली पोरांना द्यायची. आणि सामान नीट मार्गी लावायचं. कालव्यात नाही, आगीत नाही, कुणाच्या परसात नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

९ जानेवारी

पंचायतीत गेले. नेहमीचंच ऐकून आले. "टीचर, कोशीसरांच्या वेळी कसं गुपचूप झालं होतं बघा!"

खरंच आहे. शाळेतले पहिलेवहिले कॉम्प्युटर मोडीत निघाले तेव्हा कोशीसर मुख्याध्यापक होते, निवृत्तीचं वर्ष त्यांचं. नाताळच्या सुट्टीआधी खोली भरलेली, सुट्टीनंतर झाडून लख्ख. ना बोभाटा, ना कागद. याला म्हणतात मुख्याध्यापक! मीच तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते. आता तेच माझ्या डोक्यावर हाणतात.

११ जानेवारी

गाडी येणार! जिल्ह्याची गाडी, शाळाशाळांतलं असलं मेलेलं सामान गोळा करणारी. तिकडे कारखान्यात काच वेगळी, तांबं वेगळं, विष वेगळं काढतात म्हणे. पंचवीस तारखेला, शहराच्या धक्क्यावर. फोनवरचा मुलगा पोपटासारखा बोलत होता. "मॅडम, मॉनिटरची काच फुटलेली चालणार नाही. त्या काचेत शिसं असतं. गाडी तुमच्या दारात येईल का? रस्ता आहे ना?"

रस्ता! अरे बाबा, आमचं अंगणच पाण्याचं. बाहेर नदी वर, आत शेतं खाली, आणि मधल्या बांधावर आम्ही, आमची घरं, शाळा, चर्च, देऊळ आणि ताडीचं दुकान. होडीशिवाय इथून सुईसुद्धा हलत नाही.

नावाडी पुरुषनला विचारलं. त्याची होडी आजोबांच्या वेळची, रानफणसाच्या फळ्या, काथ्याने शिवलेली, एक खिळा नाही. बायकोपेक्षा होडीशी जास्त बोलतो असं सगळे म्हणतात, त्याची बायकोही. भाडं किती म्हटलं, तर म्हणाला, "मेलेल्यांना पोचवायचं भाडं मी घेत नाही, टीचर."

१४ जानेवारी, रविवार

कोशीसरांकडे. जाताना केळ्याची भजी नेली, त्यांना आवडतात म्हणून. झटका आल्याला दोन वर्षं झाली. उजवा हात गेला, वाचा गेली. सून जेस्सी भरवते, न कुरकुरता. खुर्ची पुढच्या ओसरीत, नजर समोरच्या बांधावर, जिथे भेंडीच्या झाडाशी बांध वळतो तिथे. दिवसभर तिकडेच बघत बसतात.

या माणसाने मला वाळूत बोट धरून आकडे शिकवले. "सात पोटाला पट्टा बांधतो, तंकम. पट्टा सुटला की त्याचा एक होतो, आणि हिशेब बुडतो!" अजून माझ्या इंग्रजी साताच्या पोटात आडवी रेघ असते.

मी आपली उत्साहात गाडीचं, होडीचं सगळं सांगितलं. "सर, तुमच्यासारखं एका सुट्टीत नाही जमणार मला. पण करतेय." तर एकदम अस्वस्थ झाले. डावा हात खुर्चीवर आपटायला लागले. म... म... तोंडातलं भजं बाहेर पडलं. जेस्सी धावत आली. "पप्पांचं असंच होतं हल्ली. शाळेचं नाव काढलं की जीव वर-खाली."

शाळेवर इतकं प्रेम! येताना होडीत रडू आलं.

१६ जानेवारी

आमच्या शेत समितीचा सेक्रेटरी कुंजुमोन आज शाळेत हजर. माझ्याच वर्गातला, शेजारच्या बाकावरचा. चारचौघांत मला टीचर म्हणतो, रागावला की तंकम, आणि फारच तापला की ‘ए तंके’.

"टीचर, शहरात कशाला पाठवता? उधाणाची भरती तोंडावर आली. बांधाला वजन हवंय. एकेक मॉनिटर दगडासारखा आहे. द्या मला, चिखलात दाबून टाकतो. तुमची खोली मोकळी, माझा बांध भक्कम."

मी म्हटलं, "त्या काचेतलं शिसं शेतात उतरलं म्हणजे? तुझी नात तोच भात खाणार ना?"

"पेपरात वाचून आलीस वाटतं."

तेवढ्यात लीलाम्मा आली. बांधावर काम करणाऱ्या बायकांची मुकादम. तिच्या पाच जणींनी वळणाजवळचं खाचर खंडाने घेतलंय. तिने कुंजुमोनला सरळच झापलं. "सेक्रेटरी, बांधात पोकळ काही घालू नये, हे तुला आईने शिकवलं नाही का? खेकड्याचं बीळ पुरतं बांध जायला. आणि तू डबे घालतोस!"

"तू चिखल बघ, लीलाम्मा."

"चिखलच बघत आले जन्मभर. म्हणून तर बोलतेय."

भंगारवालाही येऊन गेला. पैसे चांगले देत होता. पण तो वायरी कुठे जाळतो ते सगळ्या गावाला वासावरून माहीत आहे. नाही म्हटलं.

१९ जानेवारी

बांधाबांध. काच फुटायला नको म्हणून सगळ्यांनी घरून जुनी लुगडी, लुंग्या, पोती आणली. चौथीच्या पोरांनी प्रत्येक मॉनिटरला नाव दिलं. एकाचं नाव कुंजुमोन! सगळ्यात जाडा तोच. जया, फिलोमिना, मोट्टा... ओळीने बसलेले, डोक्यावर लुगडी घेतलेले, जणू लग्नाच्या पंगतीतल्या म्हाताऱ्या.

पाठीवर पांढऱ्या रंगाने शाळेचं नाव आणि नंबर मी स्वतः घातले. कुंजुमोन मुद्दाम बघायला आला होता. "तुझाही सात सरांसारखाच! पट्टा बांधलेला."

"तुझा नाही का?"

हसला. "माझाही आहे. ताडीच्या दुकानातल्या पाटीवर बघ." मग म्हणाला, "सर असते ना बरे, तर एका झटक्यात काम केलं असतं."

मी पुढचा नंबर घालायला घेतला. रुसवा आला हे खरं.

२१ जानेवारी, रविवार

सर बोलले! दोन वर्षांनी पहिला शब्द!

मी नुसती शेजारी बसले होते. होडी परवापासून वळणाशी बांधून ठेवणार, एवढंच बोलले असेन. त्यांनी डावा हात उचलला. भेंडीच्या झाडाकडे बोट. आणि स्वच्छ, अगदी स्वच्छ: "मडा."

जेस्सी आतून हातातली परात टाकून धावली. "काय म्हणाले? पप्पा, परत म्हणा!"

"मडा. मडा."

कुठला मडा, खेकड्याचा की बांधाचा? आमच्याकडे शब्द एकच. बीळही मडा आणि बांधाला पडलेली खांडही मडाच. जेस्सी म्हणाली, म्हातारपणी जुनी भीती वर येते. ते लहान असताना एकदा बांध फुटून घर वाहून गेलं होतं म्हणे.

मी त्यांचा हात हातात घेतला. "सर, बांध शाबूत आहे. कुंजुमोन पहारा ठेवतो. काळजी नको." त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी. मी पदराने पुसलं. जेस्सीने आनंदाने पायसम केलं आणि शेजारी वाटलं.

२४ जानेवारी

होडी भरली. वळणाशी, भेंडीच्या मुळाला बांधलीय. पुरुषनने होडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं, पोरांनी जास्वंदीची माळ घातली. फिलोमिनाला निरोप देताना पहिलीतली आमिना चक्क रडली. चालूसुद्धा न होणाऱ्या डब्यासाठी!

उद्या पहाट फुटली की निघायचं. पाणी फार चढलंय. बांधाच्या काठोकाठ. आत भात पोटरीला आलेला, हिरवागार. त्यात माझाही अर्धा एकर.

२५ जानेवारी

अंगाला अजून चिखल आहे. तरी लिहिते.

पहाटे वळणाशी, होडीजवळ पोचले. पुरुषन वल्ही तपासत होता. आधी काही ऐकू आलं नाही. मग पायाखाली गुरगुर. लीलाम्मा ओरडली, "कूऽऽ!" आणि बांधावरच्या घराघरांतून तीच कूक पुढे पुढे गेली. वळणाशी, होडीपासून हातभर अंतरावर, बांधाच्या पोटातून पाणी येत होतं. वरून नव्हे. पोटातून! बघता बघता वरची माती खचली आणि नदी आत शेतात कोसळायला लागली.

पन्नास-साठ घरांचं पीक आहे आत.

लोक धावले. पोती, बांबू, नारळाचे ओंडके. बांधाला चिखल आणणारी होडी पार दुसऱ्या टोकाला. पोती टाकली की पाणी ती पानासारखी घेऊन जाई. कुंजुमोन छातीभर पाण्यात. त्याने वळून बघितलं, आणि मला कळलंच तो काय म्हणणार ते.

"टीचर! डबे टाक! होडीतले सगळे डबे टाक खांडीत!"

मी होडीत उभी होते. कधी चढले आठवत नाही. म्हटलं, "नाही."

"काय नाही? ए तंके! गाव बुडतंय!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळे. ज्यांच्या पोरांची नाकं मी पुसली ती माणसं. कुणीतरी म्हणालं, टीचरला डबे प्यारे आहेत. मला भीती वाटली. खरंच वाटली. वाटलं, टाकून द्यावेत; कोण विचारणार? काच फुटेल, शिसं सांडेल, आज नव्हे, उद्या नव्हे, कधीतरी कुणाच्या पोटात जाईल. आणि भात तर आत्ता चाललाय, डोळ्यांदेखत. माझाही. तोंडातून मात्र परत नाहीच निघालं. का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तेव्हा पुरुषन बोलला. त्याचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. "डबे पोकळ आहेत, कुंजुमोन! तरंगतील आणि जातील. होडी घाल!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"होडी आडवी घालू खांडीत. पोती भरू. बुडवू. माझ्या आज्याने असंच केलं होतं. पण आधी टीचरचं सामान उतरवा. मेलेल्यांना असं टाकायचं नसतं."

लीलाम्माच्या बायका पाण्यात उतरल्या. शाळेच्या पायरीपर्यंत रांग लागली. लुगड्यातले मॉनिटर एका हातातून दुसऱ्या हातात, तान्ह्या पोरासारखे. शिव्या देत, पण जपून. जाडा कुंजुमोन खऱ्या कुंजुमोनच्याच हातात आला. त्याने तोही पुढे दिला. एकही फुटला नाही.

मग होडी आडवी लोटली. पुरुषन शेवटपर्यंत आत उभा. पोती भरली, पाणी कडेवर आलं, तेव्हा त्याने वाकून फळीवर हात ठेवला आणि उडी टाकली. होडी बसली. तिच्यामागे बांबू, तिच्यावर चिखल. दुपारी पाणी थांबलं.

गाडी तिकडे येऊन निघूनही गेली असेल.

२६ जानेवारी

झेंडावंदन. व्हरांडाभर चिखलाळलेली लुगडी नेसलेले मॉनिटर, मध्ये पोरं. राष्ट्रगीत नीट झालं.

२८ जानेवारी

पीक बरंचसं वाचलं. पण लीलाम्माच्या बायकांचं अर्धं खाचर रेतीखाली गेलं. वळणाशीच होतं ना ते. डबे उतरवण्यात जो वेळ गेला, त्या वेळात खांड रुंदावली. हे मला कुणी सांगायला नको होतं, तरी कुंजुमोनने सांगितलंच. चारचौघांत नाही. शाळेच्या मागे बोलावून.

"तू बरोबर असशील, तंकम. पुस्तकात तसंच असेल. पण त्या पाच बायकांचं अर्धं पीक तुझ्या डब्यांनी खाल्लं. हे लक्षात ठेव."

लक्षात ठेवायला काय सांगतोस? झोप येते का मला?

लीलाम्माकडे गेले. ती चुलीवर भाताची कंजी ढवळत होती. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "बसा, कंजी घ्या." वर लोणचं घातलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुरुषन रोज वळणाशी जाऊन बसतो. चिखलातून होडीचं नाक तेवढं वर दिसतं, हळदकुंकवाचं.

३० जानेवारी

सरांकडे जायचं धाडस होईना, तरी गेले. त्यांनी सगळं खुर्चीतून बघितलं होतं. जेस्सी म्हणाली, त्या सकाळपासून अन्न घेत नाहीत. मी म्हटलं, "सर, तुम्हाला आधीच कसं कळलं? तुम्ही सांगितलं होतं, मडा. आम्हीच मूर्ख." त्यांनी मान फिरवली. माझ्याकडे बघेचनात. माझ्यावर रागावले असतील. त्यांचं गाव मी पणाला लावलं, डब्यांसाठी.

५ फेब्रुवारी

जिल्ह्याची गाडी पुन्हा आली. फोनवरच्या त्या पोपटाला सगळी कहाणी सांगितली, तर तो म्हणाला, "मॅडम, थांबा, मी बघतो." बघितलं बरं त्याने! वाळूवाल्याच्या होडीतून सामान गेलं. सोबत मी आणि पुरुषन. पुरुषन दुसऱ्याच्या होडीत पाहुण्यासारखा अंग चोरून बसला होता. धक्क्यावर एकेक उतरवून दिलं. फिलोमिना, जया, मोट्टा, जाडा कुंजुमोन. गाडीतल्या माणसाने लुगडी परत केली, घडी करून.

येताना पुरुषन म्हणाला, "पोचवले एकदाचे." मी म्हटलं, तुझ्या होडीचं मी काय करू रे? तर म्हणाला, "ती कामावर आहे, टीचर."

६ फेब्रुवारी

पहिलीचा वर्ग खोलीत! खिडकीतून पाणी दिसतं. आमिनाने विचारलं, फिलोमिना कुठे आहे? बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. लीलाम्माच्या खाचरातली रेती त्याच खिडकीतून दिसते.

९ फेब्रुवारी

आज वळणाशी बांध पक्का करायला जुनी माती खणली. होडीच्या शेजारीच, जिथून पाणी फुटलं होतं तिथे. लीलाम्माचं फावडं कशावर तरी वाजलं. खडक म्हणाली. खडक कुठला इथे! हाताने चिखल बाजूला केला तर मॉनिटर. काच फुटलेली, आत खेकड्यांचं घर. त्याच्यामागे आणखी एक. त्याच्यामागे आणखी. ओळीने दाबलेले, बांधाच्या पोटात. कुंजुमोनने एकाच्या पाठीवर पाणी मारलं. शाळेचं नाव, पांढऱ्या रंगात. खाली सात. पोटाला पट्टा बांधलेला.

माझं अक्षर नव्हे.

आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली. समोर ओसरीत खुर्ची होती, आणि सर आमच्याकडेच बघत होते. बाकीच्या बायका जवळ यायच्या आत कुंजुमोनने खांद्यावरचा पंचा काढून त्या सातावर टाकला. लीलाम्माने बघितलं होतं. ती पुन्हा खणायला लागली.

मग कुंजुमोन म्हणाला, "टीचर, पुढची गाडी कधी आहे?"